अबोली नाव ठेवलं तर मुलगी मुकी राहील का?

पत्र थोडक्यात असं : लिहिणारीचं माहेर सिंधुदुर्गातलं, सासर नाशिकचं. मुलगी सात आठवड्यांची झाली तरी घरात सगळे तिला नुसतं ‘बाळी’ म्हणतात, कारण नावावर एकमत होत नाही. आईला ‘अबोली’ हवं आहे. सासूबाई म्हणतात, ‘अबोली म्हणजे न बोलणारी. उद्या पोरगी बोललीच नाही तर?’ नणंद बाळाची आत्या, त्यामुळे बारशाला कानात नाव तीच सांगणार. तिनं ‘केतकी’ सुचवलं, तर सासऱ्यांनी ‘केतकीला शंकराचा शाप आहे’ म्हणून मोडता घातला. ‘प्राजक्ता’ म्हटल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘उजाडलं की गळणारं फूल, कशाला ठेवता?’ नवऱ्याला हा सगळा वादच नकोसा झालाय. मुलीला फुलाचं नाव देणं म्हणजे जन्मापासून तिला शोभेची वस्तू ठरवणं, असं त्याचं मत. त्याला ‘अपराजिता’ किंवा ‘शौर्या’ असं खणखणीत काहीतरी पाहिजे. पत्राच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे : ‘माझी आजी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करून बाजारात विकायची, म्हणूनही मला ते नाव आवडत असेल.’ आणि मग प्रश्न : ‘फुलाचा अर्थ नावाला खरंच चिकटतो का? मी हट्ट सोडून देऊ का? बारसं तीन आठवड्यांवर आलंय.’

उत्तर :

तुमच्या घरचं परीक्षक मंडळ फारच कडक आहे हो. याच हिशेबानं पुढे गेलात तर बागेत एक फूल उरायचं नाही. गुलाबाला काटे, जास्वंदीला वास नाही, कमळ चिखलातलं. सोनचाफ्याकडे म्हणे भुंगा फिरकत नाही. मोगऱ्याचा गजरा संध्याकाळी डोक्यात आणि सकाळी केरात. शेवटी निवडुंगाला विचारायची वेळ येईल, आणि त्यालाही फुलं येतातच.

या विषयात माझा स्वतःचा थोडा स्वार्थ आहे, तो आधी सांगून टाकते. माझं नाव पुष्पा. कुठलं फूल ते आईवडिलांनी सांगितलंच नाही, नुसतंच फूल. आमच्या वर्गाच्या हजेरीपटात सुमन, कुसुम, पुष्पा, कुमुद, नलिनी अशी सगळी फुलबागच होती आणि त्यातल्या तिघी रोज मारामारी करायच्या. तर साठ वर्षं माझ्या नावाचा अर्थ कोमल, सालस वगैरे होता. मग एका तेलुगू सिनेमातल्या रक्तचंदनाच्या तस्कराचं नाव तेच निघालं आणि आता सोसायटीतली पोरं मला जिन्यात पाहिलं की हनुवटीखालून उलटा हात फिरवतात. नाव तेच, मीही तीच. खरं सांगते, हा नवा अर्थ मला जुन्यापेक्षा जास्त आवडतो.

आता एकेका आक्षेपाकडे वळू. ते हसण्यावारी नेले तर माणसं दुखावतात, आणि तुम्हाला त्याच घरात राहायचंय.

तुमच्या सासऱ्यांची गोष्ट त्यांच्या पदरची नाही, शिवपुराणातली आहे. ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्यात मोठं कोण हा वाद. मध्ये अग्नीचा खांब उभा राहिला. त्याचं टोक शोधायला ब्रह्मदेव वर गेला, टोक काही सापडेना. तेव्हा त्यानं वाटेत भेटलेल्या केतकीला आपल्या बाजूनं खोटी साक्ष द्यायला लावली. शंकरानं शिक्षा दिली : माझ्या पूजेत तुला जागा नाही. एवढं खरं. पण सासऱ्यांना एक विचारा. भाद्रपदात गणपतीला आपण एकवीस पत्री वाहतो, त्यात केवडा, म्हणजे हीच केतकी, असतो की नाही? असतो. बापानं दाराबाहेर काढलेलीला लेकानं मानानं घरात घेतलंय, आणि बापानं त्यावर काही म्हटल्याचं ऐकिवात नाही. जाता जाता आणखी एक गंमत. केवड्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, आणि तो घमघमाट येतो तो नर झाडाच्या कणसाला. आपण पिढ्यान्पिढ्या मुलींना केतकी म्हणत आलो आणि फूल निघालं पुल्लिंगी! तिथे कुणाच्या पोटात कधी दुखलं नाही.

प्राजक्ताचं बघा. काकूंना ते गळताना दिसलं. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनमधल्या लिनियसलाही तसंच काहीसं वाटलं असावं, कारण त्यानं या झाडाच्या शास्त्रीय नावात चक्क ‘दुःखी झाड’ असे शब्द घातले. पण आपल्याकडे जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही आणि प्राजक्ताचं मात्र वेचूनच वाहतात. एवढी सूट फार थोड्या फुलांना मिळते. बंगालमध्ये हेच फूल शिउली. ते फुलायला लागलं की दुर्गापूजा जवळ आली म्हणून माणसं खूश होतात, आणि शेफाली हे तिथलं मुलींचं नाव याच झाडाचं. मग हे झाड दुःखी की सणाचं? काकूंच्या अंगणात त्याचा रोज केर काढावा लागत असेल तर त्यांचं मत मी समजू शकते.

आणि अबोली. तिला वास नाही म्हणून ती ‘बोलत’ नाही, असं सांगतात. पण बेळगावच्या पलीकडे गेलात की याच फुलाला कनकांबर म्हणतात, म्हणजे सोन्याचं वस्त्र. रोप तेच, नारिंगी पाकळी तीच. आपल्याला तिच्यात गप्पपणा दिसला, कानडी बायकांना सोनं. आणि आपल्याकडेही त्या रंगाचा अर्थ सरकतोच आहे. बायका चालवतात त्या रिक्षांसाठी आपल्या राज्यात अबोली रंग ठरवून दिला गेला. त्यातल्या एखाद्या रिक्षावालीला सुट्टे नाहीत म्हणून सांगून बघा, अबोली किती बोलते ते कळेल.

सासूबाईंची भीती मात्र अर्थाच्या वादानं जाणार नाही, कारण ती शब्दाची भीती नसावी. नातीला काही होऊ नये एवढंच त्यांना म्हणायचं असतं आणि हातात धरायला नाव सापडतं. तेव्हा त्यांच्याशी नावावरून भांडू नका. मूल बोलायला शिकतं ते ऐकून. बाळाची श्रवणचाचणी जन्मल्यावर झाली असेल तर तो कागद सासूबाईंना दाखवा. झाली नसेल तर पुढच्या लसीकरणाला जाल तेव्हा बालरोगतज्ज्ञांना विचारून करून घ्या. ही चाचणी खरं तर पहिल्या महिन्यातच करायची असते आणि बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. जमलं तर सासूबाईंनाच सोबत घेऊन जा. आणि रोज तेल लावताना नातीशी गप्पा मारायचं काम त्यांच्याकडे द्या. आजीनं रोज बडबड केली तर नातीला गप्प बसायची संधीच मिळणार नाही.

तुम्ही विचारलंय, फुलाचा अर्थ नावाला चिकटतो का. चिकटतो, असं मी म्हणेन, पण एकच अर्थ कधी चिकटत नाही आणि तो कुठला ते आधी ठरवता येत नाही. तेरडा घ्या. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण त्याला उथळपणाचा शिक्का मारला. आणि तुमच्याच कोकणात भाद्रपदात कित्येक घरी गौर आणतात ती तेरड्याची. ज्याला बेभरवशाचं म्हणतात त्यालाच साडी नेसवून, मुखवटा लावून घरभर लक्ष्मीच्या पावलांनी फिरवतात. शेवंतीचंही तसंच. जपानच्या राजघराण्याचं चिन्ह शेवंती आहे, तिथल्या पासपोर्टवर ती छापलेली असते. फ्रान्समध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला लोक तीच शेवंती घेऊन कबरस्तानात जातात, त्यामुळे तिथे कुणाच्या घरी जेवायला जाताना शेवंतीचा गुच्छ नेऊ नये. आणि आपल्याकडे ‘शेवंता’ म्हटलं की शहरातली माणसं नाक मुरडतात, कारण ते नाव त्यांना गावाकडचं वाटतं. हे नाक मुरडणं फुलाला नाहीच, ते शेवंताबाई नावाच्या बायका कुठल्या घरांत होत्या आणि काय कामं करत होत्या त्याला आहे. जुई, सायली, केतकी ही नावं आपल्याला ‘गोड’ वाटतात आणि शेवंता, चंपा, गुलाब ‘जुनाट’, तेव्हा आपण फुलं तोलत नसतो, माणसं तोलत असतो. पत्र वाचणाऱ्या इतरांनीही नाव नाकारताना हे एकदा स्वतःला विचारून बघावं.

आता तुमच्या नवऱ्याकडे येते. त्यांना सांगा, ‘अपराजिता’ मला मान्य आहे. तेही फूलच आहे. आपल्या कुंपणावर निळी गोकर्ण चढते ना, तिचं संस्कृत नाव अपराजिता. मराठी माणसाला तिच्यात गाईचा कान दिसला, संस्कृतात तिला ‘न हरणारी’ म्हटलं. त्यांनी फुलापासून पळ काढला आणि थेट वेलीत जाऊन अडकले! हे जेवताना सांगू नका, ठसका लागेल.

पण त्यांचा मुद्दा टिंगल करून सोडून देण्यासारखा नाही. मुलींबद्दल बोलताना आपल्या भाषेत फुलांचा अगदी सुळसुळाट आहे. मुलगी ‘उमलते’, लग्न लांबलं तर ‘कोमेजते’, कुणी वाईट वागलं तर ‘कळी खुडली’. मुलगा कधी उमलत नाही, तो थेट कर्ता होतो. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलेलं होतं. कळी हा शब्द समाजानंच दिलेला, लेखिकेनं त्या कळ्यांना बोलायला लावलं. त्या लेखिका म्हणजे बाळूताई खरे, आणि लग्नानंतर त्या झाल्या मालतीबाई बेडेकर. मालती म्हणजे पुन्हा फूलच. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायची आपल्याकडची पद्धत, आणि त्या तांदळात उमटलेल्या नावांमध्ये मालती, कमल, कुमुद, सुमन भरपूर. बाईचं स्वतःचं नाव पुसून तिथे एक प्रसन्न फूल ठेवून द्यायचं. तुमच्या नवऱ्याला यातलं काही माहीत असो वा नसो, त्यांना खटकतंय ते हेच.

दुसरी बाजूही त्यांच्यापुढे ठेवा. त्यांच्या ऑफिसात अरविंद, पंकज, राजीव, नीरज यांतला एक तरी असेलच. चौघेही कमळ. पंकज म्हणजे तर सरळ सरळ ‘चिखलात जन्मलेला’, पण कुठल्या पंकजच्या बारशाला कुणी नाक मुरडलं नाही. मंदार म्हणजे स्वर्गातला वृक्ष, असं सांगून मुलाचं नाव ठेवतात. पांढऱ्या रुईलाही मंदारच म्हणतात, ती उकिरड्याशेजारी वाढते आणि तिचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. अशोकाचं तर काय सांगावं. तरुणीनं लाथ मारल्याशिवाय तो फुलत नाही, असा संस्कृत कवींचा संकेत आहे. कितीतरी अशोकराव हे माहीत नसताना सुखानं जगले. म्हणजे फूल मुलाच्या नावात आलं की ते प्रतिष्ठा होतं आणि मुलीच्या नावात आलं की नाजूकपणा. हा फरक फुलानं केलेला नाही.

आणि फुलाचं नाव घेऊन बायकांनी काय केलं तेही बघा. नागपूरच्या जाईबाई चौधरींनी आधी डोक्यावर ओझी वाहिली आणि नंतर दलित मुलींसाठी शाळा काढली. जाई म्हणजे नाजूक, असं त्यांच्यासमोर कुणी म्हटलं असतं तर! साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा कुसुमावती देशपांडे, १९६१ सालच्या ग्वाल्हेरच्या. आणि एका मोठ्या कवीनं तर आपली ओळखच बहिणीच्या नावावर बांधली : कुसुमचा अग्रज तो कुसुमाग्रज. ज्यांच्या वाढदिवशी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो त्यांच्या नावात आधी एक मुलगी येते, तीही फुलाच्या नावाची. नवऱ्याला हे सांगाच. आणि त्यांच्याकडून एक कबूल करून घ्या. नाव काहीही ठेवलं तरी घरात मुलीबद्दल ‘कोमेजली’, ‘नाजूक कळी’ ही भाषा नको. नाव एकदा ठेवलं जातं, ही भाषा रोज वापरली जाते, म्हणून मला तिची जास्त धास्ती वाटते.

इथवर मी घरातल्या सगळ्यांशी बोलले, तुमच्याशी अजून बोललेच नाही.

तुमच्या पत्राची अडीच पानं आहेत. त्यात सासूबाई आहेत, सासरे आहेत, शेजारच्या काकूसुद्धा चार ओळी घेऊन बसल्यात. आणि आजीला एकच वाक्य, तेही ‘म्हणूनही असेल’ असं चाचरत लिहिलेलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. घरात तुम्ही ‘अबोली छान वाटतं’, ‘रंग सुंदर असतो’, ‘वेगळं नाव आहे’ अशी कारणं दिलीत, असं पत्रावरून दिसतं. ही कारणं कुणीही खोडू शकतं, कारण छान वाटणं ही ज्याची त्याची गोष्ट. आजीचं कारण मात्र तुम्ही बाहेर काढलंच नाहीत. का बरं? ‘सून माहेरचं नाव आणतेय’ असं कुणी म्हणेल ही भीती होती का? की बाजारात बसून फुलं विकणारी आजी सासरच्यांसमोर सांगायला जरा अवघड वाटलं? मी आरोप करत नाहीये. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी माहेरची गरिबी अशी हळूच मागच्या खोलीत ठेवलेली असते.

आणखी एक विचारते, राग मानू नका. तुमची आजी स्वतः कशी होती, बोलकी की अबोल? पत्रात ते नाही. जर ती आयुष्यभर गप्प राहून सोसणारी असेल, तर सासूबाईंच्या एका वाक्यानं तुम्ही एवढ्या का हललात त्याचा उलगडा होईल. त्यांनी नकळत दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं असणार. तसं असेल तर आधी तुमचं तुम्ही ठरवा की मुलीला आजीची काय आठवण द्यायची आहे. तिचं गप्प राहणं, की केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात एकेक फूल गुंफत सरसर पुढे सरकणारे तिचे हात, पहाटेची फुलं काढणं, बाजारात भाव करणं? विकणारी बाई गप्प बसून विकू शकत नाही हो. दुसऱ्या दिवशीही ताजा दिसणारा वळेसर करायला फुलाची आणि दोऱ्याची केवढी पारख लागते! मोगरा रात्रीत माना टाकतो, अबोली टाकत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आणि गोव्यात बायका ती एवढ्या हौसेनं माळतात.

हे ठरलं की एका संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून नावाबद्दल अवाक्षर न काढता आजीबद्दल सांगा. तिचा फोटो असेल तर दाखवा. नणंदेला तर आधीच, एकटीला सांगा. पाळण्यापाशी वाकून कानात नाव सांगणार ती, पाठीत धपाटे खाणारही तीच, तिला त्या नावामागची गोष्ट माहीत नको? तिनं ‘केतकी’ सुचवलं म्हणजे तिला फुलाचं नाव चालतं. घरातली तुमची पहिली मैत्रीण तीच आहे आणि तुम्ही तिला विरोधी पक्षात बसवलंय. गोष्ट ऐकूनही सगळे ‘नको’ म्हणाले तर मग तो नावाचा प्रश्न राहत नाही, आणि त्याबद्दल मला वेगळं पत्र लिहा. पण तसं होईल असं मला वाटत नाही.

तुम्हीही आजीचं नाव मुलीवर लादत नाही आहात ना, एवढं तपासा. मोठी झाल्यावर ती म्हणाली, ‘मला नाही आवडत हे नाव’, तर तुम्हाला ते आजीला नाकारणं वाटेल का? वाटणार असेल, तर आजी घरात दुसऱ्या वाटेनं आणा. गॅलरीत अबोलीचं रोप लावा, नाव दुसरं ठेवा. यातही हार नाही.

थोडं व्यवहाराचं, हे तुमच्यासारख्या बाकीच्यांच्याही कामाचं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, ती तुमच्याकडे झालेली असणारच. पण त्याच वेळी नाव घालायची सक्ती नाही. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, आणि नंतरही विलंब शुल्क भरून पंधराव्या वर्षापर्यंत. म्हणजे तीन आठवड्यांची तलवार डोक्यावर आहे ती बारशाची, सरकारची नाही. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो, तेव्हा त्यावर एकदा लिहिलेलं नाव बदलत बसणं त्रासाचं. पाळण्यात पाच नावं ठेवा हवी तर, दाखल्यावर जाणारं शांतपणे ठरवा. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळ्या अक्षराचं आलं असेल तर ते पत्रिकेत राहू द्या, कितीतरी घरांत तसंच असतं.

आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. तुमच्या आजीच्या नावानं तिचं एखादं तरी कागदपत्र होतं का? तुमच्या लेकीच्या प्रत्येक कागदावर तुम्ही असणार आहात. म्हणून पूर्ण चार शब्दांचं नाव मोठ्यानं म्हणून बघा, ते कानाला कसं लागतं ते पाहा. मग गच्चीवर जाऊन फक्त पहिलं नाव हाक मारल्यासारखं ओरडा. संध्याकाळी खेळातून घरी बोलवायला ते बरं आहे का? ‘यूथिका’ हे जुईचं सुंदर संस्कृत नाव आहे, पण तिसऱ्या मजल्यावरून हाक मारून बघा म्हणजे कळेल.

इंग्रजी अक्षरांतही लिहून पाहा. ‘जाई’ इंग्रजीत लिहिलं की महाराष्ट्राबाहेर ते ‘जय’ वाचतात आणि मुलीच्या नावानं ‘श्रीयुत’ अशी पत्रं येतात. प्राजक्तामधला जोडाक्षराचा घाट परप्रांतीयांना चढवत नाही. सायलीची स्पेलिंगं निदान चार, त्यातलं एकच पहिल्या दिवसापासून सगळीकडे ठेवलं नाही तर पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. अबोली या बाबतीत गुणी आहे, लिहायला सोपं, वाचायला सोपं. आणि नावं आपण तोडतोच. केतकीची केतू होते, प्राजक्ताची प्राजू. अबोलीतला ‘अ’ घाईत गळला की उरते ती ‘बोली’. सासूबाईंना ही हाक चालेल का, विचारून बघा.

ज्यांना फुलाचं नाव हवंय पण वर्गात तीन सायल्या नकोत, त्यांच्यासाठी म्हणून : बकुळा अजून कुणी फारसं वापरत नाही, आणि बकुळीचं फूल सुकल्यावरही डब्यात वर्षानुवर्षं वास धरून ठेवतं. कुमुद आणि मालती पुन्हा यायला हरकत नाही, आज्यांची नावं नातींना शोभतात. कुणी ‘अपराजिता’ ठेवणार असेल तर घरात एक गोकर्णीचा वेल जरूर लावावा, मुलीला तिचं नाव फुलताना दिसेल. ‘निशिगंधा’ मला आवडतं, फक्त ते फूल मूळचं मेक्सिकोचं, आपल्याकडे परदेशातून आलेलं, हे तुमच्याकडचे स्वदेशीवाले काका असतील तर त्यांना आधी सांगू नका.

आता तीन आठवड्यांत करायचं एक काम. माहेरी फोन करा आणि आजीच्या परसात अबोली अजून असेल तर भावाला म्हणावं, फुलं नकोत, वाळलेले तुरे पाठव, बोंडं न फुटलेले. कोरड्या कागदात गुंडाळून, ओल लागू न देता. मिळाले की सासूबाईंना समोर बसवा, मांडीवर नात असू दे. बशीत ती बोंडं ठेवा, त्यांवर थोडं पाणी शिंपडा आणि जरा थांबा. ओल लागली की ती तडतडत फुटतात आणि बिया लांब उडतात. बाळीचे डोळे तेवढे सांभाळा.